उभ्या उभ्या बिघडणारं यंत्र: मराठवाड्यात जेट स्की कशी सांभाळावी

जेट स्कीच्या देखभालीवर जे काही वाचायला किंवा बघायला मिळतं, ते बहुतेक समुद्राकाठच्या लोकांनी केलेलं असतं. त्यांचा सगळा जीव मिठात अडकलेला. मीठ धुवा, मीठ पुसा, मिठाने गंज चढतो. ते ऐकून इकडचा माणूस निर्धास्त होतो, कारण आपलं पाणी गोडं. माजलगाव असो, येलदरी असो की नांदेडचं विष्णुपुरी, मीठ नाही म्हणजे काळजी नाही असा हिशोब. मग होळीला झाकून ठेवलेली गाडी दसऱ्याला बाहेर काढली आणि सेल्फ मारला की नुसतं टक् वाजतं.

इकडची जेट स्की चालून चालून फारशी बिघडत नाही, उभी राहून बिघडते. धरणात पाणी असतं तेवढे चार-सहा महिने ती पळते, बाकीचं वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये. 2016 साली मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तसल्या वर्षी ताडपत्री निघतच नाही. आणि गाडी पाण्यात असते तेव्हा मिठाच्या जागी गाळ असतो, जलपर्णी असते, मच्छीमारांची जाळी असतात, पाण्याखाली गेलेल्या वेड्या बाभळीचे खुंट असतात. कंपनीच्या पुस्तकात या गोष्टींना दोन-चार ओळी मिळतात. इथे त्याच मुख्य आहेत.

पुढे जाण्याआधी परवानगीचं बोलून घेऊ. पैठणचा नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, आणि छत्रपती संभाजीनगर, जालना ही शहरं ते पाणी पितात. तिथे मनाला आलं म्हणून मशीन उतरवता येत नाही, वन विभाग आणि जलसंपदा विभाग दोघांना विचारावं लागतं. इतर धरणांवरही जलसंपदा विभागाची परवानगी लागते. शिवाय 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिनावर चालणाऱ्या जलयानांच्या नोंदणीची तरतूद आहे. कागद नीट करून घ्या, मग पाना हातात घ्या.

पोटात काय चालतं

जेट स्की हे खरं तर कावासाकी कंपनीचं नाव. यामाहाची ती वेव्हरनर, बॉम्बार्डियरची सी-डू. आपल्याकडे सगळ्यांना जेट स्की नाहीतर वॉटर स्कूटर म्हणतात, आणि आतली रचना सगळ्यांची जवळपास एकच आहे.

इंजिन मधोमध, सीटखाली. त्यातून एक लांब शाफ्ट मागे जातो आणि एका नळकांड्यातला पंखा फिरवतो. या पंख्याला इंपेलर म्हणतात. गाडीच्या तळाला एक जाळी असते, तिथून पाणी ओढलं जातं, इंपेलर ते जोराने मागे ढकलतो आणि निमुळत्या तोंडातून, म्हणजे नोझलमधून, ते फेकलं जातं. पाणी मागे, गाडी पुढे. हँडल वळवलं की हे नोझल डावी-उजवीकडे फिरतं आणि धार तिरकी होते म्हणून गाडी वळते.

शेतात पाण्याची मोटार बसवलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या पंपात जे असतं तेच इथे: शोषणारी बाजू, जाळी, इंपेलर, फेकणारी बाजू. जाळीत पालापाचोळा अडकला की काय होतं, कुठे हवा धरली की मोटार नुसती घोंगावते आणि पाणी फेकत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. जेट स्कीच्या अर्ध्या तक्रारी याच जातीच्या आहेत. त्यामुळे बिघाड शोधताना आधी पंपाचा विचार करा, इंजिनाचा नंतर.

या रचनेतून एक गोष्ट निघते, ती जिवाशी गाठ घालणारी आहे. धार बंद म्हणजे वळणं बंद. समोर होडी किंवा खुंट दिसला की घाबरून ॲक्सिलरेटर सोडायचा आणि हँडल वळवायचं, ही मोटरसायकलवरची सवय. जेट स्की अशा वेळी सरळच जाऊन आदळते. अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत ब्रेकची किंवा थोडं वळू देणारी सोय आहे, जुन्यांत नाही. वळायचं असेल तर थोडा ॲक्सिलरेटर द्यावाच लागतो. नव्या माणसाला गाडी देताना हे पहिलं सांगा.

इंजिन ओरडतंय, गाडी हलत नाही

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. ॲक्सिलरेटर पिळला की आरपीएमचा आकडा वर चढतो, आवाज वाढतो, पण वेग मिळत नाही. उभ्याने निघताना गाडी घसरल्यासारखी वाटते, मग एकदम पकडते. इंजिन धडधाकट आहे, पंपात काहीतरी आहे.

आधी जाळी. जलपर्णीच्या मुळ्या, शेवाळ, प्लास्टिकची पिशवी, पूजेचं निर्माल्य आणि त्यातलं कापड. नांदेडला गोदावरीत जलपर्णी वाढली की तिच्या कडेने जाणंही जड जातं, कारण तिचे तुटलेले तुकडे पाण्यात बरेच लांब तरंगत असतात. अडकलंय असं वाटलं की इंजिन बंद करा, मनगटाला बांधलेली सुरक्षा दोरी बटणावरून काढून घ्या (ती बटणावर नसली की इंजिन सुरूच होत नाही), आणि गाडी डावी-उजवीकडे जोरात हलवा. पुष्कळदा तेवढ्याने कचरा सुटून पडतो. नाही सुटला तर हळूहळू काठाला या, गाडी ट्रेलरवर घ्या आणि मग जाळीतून हात घाला. इंजिन चालू असताना, किंवा सुरक्षा दोरी जागेवर असताना, पंपात हात घालायचा नाही. हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. चुकून कोणी स्टार्टचं बटण दाबलं तर बोटं राहत नाहीत. लांब केस, ओढणी, जॅकेटची लोंबती दोरी यांचंही तेच, जाळीजवळ गेली की ओढली जातात.

कचऱ्यापेक्षा वाईट म्हणजे तंगूस. मच्छीमारांची नायलॉनची जाळी पाण्यात दिसत नाहीत. त्यातला एखादा धागा शाफ्टला गुंडाळला की घट्ट पीळ बसतो, घर्षणाने नायलॉन वितळतं आणि शाफ्टच्या सीलपर्यंत जाऊन ते कापतं. गाडी अचानक अडखळली आणि शाफ्टकडून कर्कश आवाज येऊ लागला तर पुढे रेटू नका. धागा धारदार पात्याने थोडा थोडा कापून काढायचा, ओढायचा नाही. आणि जाळ्याची भरपाई द्यायची. ज्याचं जाळं फाटलं त्याची त्या दिवसाची कमाई गेली, त्यावर हुज्जत घालत बसू नये. जाळी कुठे लावली आहेत हे सकाळी काठावरच्या भोई मंडळींना विचारलं तर ते आनंदाने सांगतात.

जाळी साफ आहे, धागा नाही, तरी गाडी पकडत नाही? मग इंपेलर आणि त्याच्या भोवतीचं कडं बघा. या कड्याला वेअर रिंग म्हणतात. इंपेलरच्या पात्याचं टोक आणि कडं यांच्यात नव्या मशीनमध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फट असते. त्या चिमूटभर फटीवर सगळी ताकद अवलंबून आहे. वाळू, मुरूम, बारीक खडे आत गेले की कड्याला ओरखडे पडतात, पात्याला खांडं पडतात, फट वाढते आणि ढकललेलं पाणी त्या फटीतून पुन्हा पुढे गळतं. शिवाय पात्यावर बुडबुडे तयार होऊन फुटत राहतात आणि धातू टोकरत जातात. टॉर्च घेऊन मागच्या बाजूने आणि खालच्या जाळीतून आत बघा. पात्याची कड बोटाला गुळगुळीत लागली पाहिजे. सी-डूमध्ये हे कडं बहुधा प्लास्टिकचं असतं, झिजलं की बदलायचं आणि मोकळं व्हायचं. काही कंपन्यांत ते स्टीलचं असतं, ते टिकतं जास्त पण बदलायला महाग.

वाकलेला इंपेलर ठोकून सरळ करून देणारे सापडतात. वाळूजच्या एखाद्या वर्कशॉपात तो वेल्डिंग करून, घासून चकचकीतही मिळेल. माझं मत विचाराल तर किरकोळ खांडं घासून घ्या, पण वेल्डिंगच्या वाटेला जाऊ नका. हा पंखा मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेतो. एका पात्यावर थोडं वजन जास्त झालं तरी थरथर सुरू होते, आणि ती थरथर बेअरिंग आणि सील दोन्ही खाते. इंपेलर काढायलाही त्याचं स्वतंत्र हत्यार लागतं. पाईप पाना लावून जोर केला की शाफ्टचे दाते जातात.

खडे आत जातात ते बहुतेक वेळा काठावर. लोक गुडघाभर पाण्यात गाडी चालू करतात, म्हणून. पुस्तकात गाडीच्या तळाखाली किमान 60 ते 90 सेंटीमीटर पाणी हवं असं दिलेलं असतं. म्हणजे ढकलत कंबरभर पाण्यात न्यायची, मग सेल्फ मारायचा. परत येतानाही तसंच, अलीकडेच इंजिन बंद करून ढकलत आणायची. कपडे भिजतात म्हणून कोणी हे करत नाही, आणि मग वेअर रिंगचे पैसे मोजतो.

आपल्या धरणांचं आणखी एक दुखणं म्हणजे ती पसरट आहेत. नाथसागर साधारण 350 चौरस किलोमीटर पसरलेला आहे, पण बऱ्याच भागात उथळ. फेब्रुवारी-मार्चपासून पाणी मागे सरकू लागलं की गेल्या महिन्यात जिथे बिनधास्त गेलात तिथे आता बांध, जुन्या गावठाणाच्या भिंती, बाभळीचे खुंट हातभर पाण्याखाली असतात. काठाने शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाईप आणि केबल पाण्यात उतरलेल्या असतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेत गाळ काढलेल्या ठिकाणी खड्डे असतात आणि त्यांच्या कडा कुठे आहेत ते वरून कळत नाही. कॅलेंडर बघून नव्हे, पाण्याची पातळी बघून मार्ग ठरवावा लागतो. पाणी फार उतरलं की त्या वर्षीचा खेळ संपला असं समजावं.

गरम होण्याची भानगड

मोटरसायकलला वारा गार करतो, जेट स्कीला पाणी. बऱ्याच मशीनमध्ये पंपातूनच थोडं पाणी नळीने इंजिनाकडे जातं, त्याला गार करतं आणि बाहेर पडतं. सी-डूच्या चार-स्ट्रोक मशीनमध्ये इंजिनासाठी कूलंट बंद चक्रात फिरतं, आणि तळाशी असलेल्या धातूच्या पट्टीमार्फत धरणाचं पाणी त्याची उष्णता ओढून घेतं. पण एक्झॉस्ट गार करायला त्यातही बाहेरचंच पाणी लागतं.

म्हणून पाण्याबाहेर इंजिन चालू ठेवणं हा मोठा गुन्हा. तपासायला म्हणून 10-15 सेकंद ठीक, त्यापुढे एक्झॉस्टच्या रबरी नळ्या भाजतात आणि शाफ्टच्या सीललाही गारवा मिळत नाही. दुरुस्ती करून देणारा गडी अंगणात दोन-दोन मिनिटं रेस करून “बघा साहेब, कसा आवाज आहे” म्हणत असेल तर त्याच्या हातून चावी काढून घ्या.

पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर गोदावरीचं पाणी चहासारखं असतं. हा बारीक गाळ जाळीला जुमानत नाही, थेट नळ्यांत जातो आणि गाडी उभी राहिली की तिथेच बसतो, वाळतो, घट्ट होतो. समुद्रावर मिठासाठी गाडी आतून धुतात, आपण गाळासाठी धुवायची. प्रत्येक गाडीला त्यासाठी नळी जोडायची जागा दिलेली असते.

धुण्याचा क्रम उलटा झाला तर इंजिन मरतं, म्हणून नीट वाचा. नळी जोडा, पण नळ सोडू नका. आधी इंजिन चालू करा, लगेच नळ सोडा. पुस्तकात दिलेली मिनिटं, साधारण दोन-तीन, नुसतं आयडलवर चालू द्या. मग आधी नळ बंद, त्यानंतर एक-दोन हलके झटके देऊन उरलेलं पाणी बाहेर फेकायचं, आणि लगेच इंजिन बंद. कारण साधं आहे. इंजिन चालू असतं तेव्हा एक्झॉस्टचा जोर पाण्याला बाहेर ढकलत असतो. इंजिन बंद आणि नळ चालू असेल तर ढकलणारं कोणी नाही, पाणी एक्झॉस्टमध्ये साठत जातं आणि मागच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरतं.

धुवायला बोअरचं पाणी वापरावं का? आपल्याकडे बऱ्याच गावांत ते इतकं जड असतं की बादलीला पांढरा थर बसतो. गरम नळ्यांत तेच होतं. नळाचं पाणी असेल तर ते घ्या. बोअरशिवाय इलाज नसेल तर तेही चालेल, गाळ तसाच ठेवण्यापेक्षा बरं, फक्त शेवटी पाणी नीट बाहेर काढा.

गरम झाल्याचा इशारा आला, बीप वाजला आणि गाडीने आपोआप वेग कमी केला, तर तिला शहाणपण सुचलं असं समजा. थांबा, जाळी बघा. बाजूच्या बारीक छिद्रातून थंड करणाऱ्या पाण्याची धार येत असते, ती येते का बघा. शेडमध्ये महिनोन्‌महिने पडलेल्या गाडीत हे छिद्र कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलेलं सापडतं. काडीने, जपून, मोकळं करायचं. उंदरांचं तर बोलायलाच नको, सीटखालच्या वायरी म्हणजे त्यांना आमंत्रणच.

सेल्फ मारला, काही होईना

इथे लोक फार लवकर इंजिन उघडायला निघतात. आधी सुरक्षा दोरी तिच्या बटणावर नीट बसली आहे का बघा. हसू नका, मेकॅनिक बोलावून मग सापडलेला हा बिघाड आहे.

दोरी ठीक आणि नुसता टक् आवाज, किंवा सेल्फ दमल्यासारखा फिरतो, म्हणजे बॅटरी. मल्टीमीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो, तो घ्याच. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. 12.4 च्या खाली गेली असेल तर चार्ज करा. 12.6 दाखवते पण सेल्फ मारताना 10 च्या बरीच खाली कोसळते, तर बॅटरीत दम उरलेला नाही, बदला. बॅटरी खणखणीत असून टक् वाजतं, तर टर्मिनल सैल किंवा पांढरे-हिरवे झालेले असतील. घासून, आवळून, थोडं पेट्रोलियम जेली लावून पुन्हा बघा. तेही नीट असेल तर संशय स्टार्टरच्या रिलेवर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शेडमध्ये पडलेली बॅटरी फार लवकर उतरते आणि उतरलेली तशीच राहिली तर मरते. गाडी ठेवताना ती काढून घरात, सावलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा छोट्या चार्जरवर लावा. ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून धक्का मारण्याची घाई इलेक्ट्रॉनिक गाडीत महागात पडते, ट्रॅक्टर चालू ठेवून तर मुळीच नको.

सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा प्रश्न पेट्रोल, ठिणगी किंवा हवेचा.

पेट्रोलचं जरा सविस्तर सांगतो, कारण अलीकडे कटकट इथूनच सुरू होते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बहुतेक जेट स्कींच्या पुस्तकात मर्यादा लिहिलेली आहे ती 10 टक्क्यांची. आपल्याच उसाच्या मळीतून, कारखान्यांतूनही ते येतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही, रोज चालणाऱ्या गाडीत ते रोज जळूनही जातं. अडचण उभ्या गाडीत होते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी असली की वरच्या मोकळ्या जागेतली दमट हवा रात्री थंड होऊन आत थेंब धरते. पाणी एका प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं पडतं आणि तळाशी बसतं. पंप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि गॅस्केटही यात फुगतात, मऊ पडतात.

उपाय अवघड नाही. गाडी महिन्याच्या वर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. रिकामी करता येत नसेल तर पेट्रोल टिकवणारं औषध, म्हणजे फ्युएल स्टॅबिलायझर, टाकून भरा, दहा मिनिटं पाण्यात चालवा म्हणजे तो इंजेक्टरपर्यंत पोचतो, मग झाका. सहा महिन्यांपूर्वीचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून बघा. दोन थर दिसले किंवा वार्निशसारखा वास आला, तर ते गाडीत परत घालायचं नाही.

प्लग काढला की तो बरंच सांगतो. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळा आणि काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा हवेची जाळी तुंबलीय. ओला आणि पेट्रोलचा वास, म्हणजे इंजिन पेट्रोलने भरलंय. इंजेक्शनच्या बऱ्याच मशीनमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात आणि भरलेलं पेट्रोल बाहेर निघतं, आपल्या मशीनला ही सोय आहे का ते पुस्तकात बघा. आणि प्लग ओला आहे पण वास पेट्रोलचा नाही, तर तिथेच थांबा. ते पाणी आहे.

पेट्रोल भरल्यावर सीट उघडून नाक लावायचं, ही सवय सोडू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गाडीच्या बंद पोटात तळाला साठते आणि पहिल्या ठिणगीला पेट घेते. वास आला तर सीट उघडी ठेवून हवा खेळू द्या, गळती शोधा, मगच सेल्फ.

पाणी नको तिथे

मागच्या बाजूला तळाशी दोन बुचं असतात. गाडी बाहेर काढली की ती उघडायची, पोटातलं पाणी जाऊ द्यायचं. पाण्यात उतरवताना ती लावलेली आहेत का हे हाताने चाचपून बघायचं. धरणावर बुडालेल्या जेट स्कींमागे बरेचदा एवढंच निघतं.

बुचं लावूनही पोटात पाणी येत असेल तर शाफ्ट जिथून मागे बाहेर पडतो तिथलं सील, नाहीतर सैल झालेला एखादा क्लॅम्प. आणि पोटातलं ते पाणी तेलकट असेल तर धरणाच्या काठावर सोडू नका, ड्रममध्ये धरा. खालच्या गावांच्या नळाला तेच पाणी जातं.

गाडी उलटली तर मागे एक स्टिकर असतो, त्यावर बाण असतो. बाणाच्याच दिशेने सरळ करायची. उलट्या दिशेने फिरवली तर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात उतरतं. पाणी शिरल्याचा संशय असेल तर सेल्फ मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, त्यांच्या वायरी आणि कॉइल सुरक्षित बाजूला करा, मग सेल्फ थोडा थोडा मारून छिद्रांतून पाणी फेकून द्या. समोर तोंड धरू नका.

डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी ऑइलपर्यंत गेलेलं आहे. इथे “उद्या बघू” चालत नाही. त्याच दिवशी ऑइल काढायचं, नवं भरायचं, थोडा वेळ नीट पाण्यात चालवून पुन्हा काढायचं, दुधाळपणा जाईपर्यंत हे करत राहायचं. दोन दिवस तसंच सोडलं की बेअरिंगवर गंज धरतो. एरवीचं ऑइल 100 तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. आपल्याकडे वर्ष आधी येतं, आणि “चाललीच कुठे” म्हणून ते टाळलं जातं. जुन्या टू-स्ट्रोक मशीनमध्ये पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल वेगळ्या टाकीत असतं, तिथे कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचंच घालायचं, मोपेडचं नाही.

बंद पडलेली गाडी दोरीने ओढून आणताना लोक तिला नवी गाडी असल्यासारखी पळवतात. ओढताना जाळीतून पाणी जोराने आत घुसतं, थंड करणाऱ्या नळ्यांतून एक्झॉस्ट भरतं आणि तिथून इंजिनात. बरी असलेली गाडी ओढून मारता येते ती अशी. ताशी 8 किलोमीटरच्या खाली ओढा, किंवा पंपाकडून इंजिनाला जाणारी पाण्याची नळी चिमट्याने दाबून बंद करा. बचावकार्यासाठी जेट स्की किंवा बोटी ठेवणाऱ्या पथकांनी हा चिमटा गाडीतच ठेवावा. त्यांची यंत्रं तर पूर येईपर्यंत उभीच असतात. महिन्यातून एकदा पाण्यात उतरवून दहा-पंधरा मिनिटं चालवणं, एवढं केलं तरी पुराच्या रात्री बॅटरी शोधत फिरावं लागणार नाही.

जुनी घेताना

इकडे येणारी बरीच मशीन कोकणात किंवा गोव्यात वापरून झालेली असतात. वरचा रंग नवा असतो. सीट काढा आणि ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी, बोल्टच्या डोक्यांवर गंज, क्लॅम्पच्या कडा बघा. मिठाने आत जे करायचं ते केलेलं असतं आणि गोड्या पाण्यात आल्यावर ते थांबेलच असं नाही. तासांचा मीटर किती आहे त्यापेक्षा सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती आहे ते विचारा. सगळ्या सिलिंडरचा आकडा जवळपास सारखा हवा, एक बराच खाली असेल तर किंमत कितीही उतरवून दिली तरी परत फिरा. डिपस्टिक बघा, इंपेलरला हात लावून बघा. आणि पाण्यात चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. “धरणात सध्या पाणी नाही” असं उत्तर आलं, तर पाणी येईपर्यंत व्यवहार थांबवा.

ट्रेलर बरोबर मिळत असेल तर त्याच्या चाकांची बेअरिंग आधी बदला. ती प्रत्येक खेपेला पाण्यात बुडतात, आणि पैठण रोडच्या खड्ड्यांत त्यांची परीक्षा होते.